सुतकातलं स्टॉकहोम

स्टॉकहोमला जाऊ या, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा नवरा टीव्हीसमोर बसून जेवत होता. "तिथे काय आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, पाणी आहे, पाण्यात बेटं आहेत, बेटांवर जुनी पिवळी-तांबडी घरं आहेत. "पाणी तर इथेपण आहे," तो म्हणाला आणि भाताला हात घातला. तसं ते होतंच. र्युसेल्सहाइमच्या आमच्या घरापासून थोडं चाललं की माइन नदी लागते. काठाने लोक कुत्री फिरवतात आणि मागे गाड्यांच्या कारखान्याच्या विटांच्या इमारती दिसतात. त्याच कारखान्यात नवरा इंजिनिअर होता. त्यामुळे नदी, कुत्री आणि कारखाना एवढ्यात जग पुरेसं आहे असं त्याला मनापासून वाटायचं.

लग्न होऊन मी जर्मनीत आले त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. तोवर युरोपात जे काही पाहिलं ते सगळं पाच मराठी कुटुंबांच्या घोळक्यात पाहिलं. पॅरिस पाहिलं ते तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा मांडीवर सांभाळत. स्वित्झर्लंडमध्ये कोणत्या पुलावर कोणत्या सिनेमाचं शूटिंग झालं एवढंच आता आठवतं. आमच्यात कुणी नुसतं "बघतोय कुठेतरी जायचं" म्हणालं की दुसऱ्या मिनिटाला "अगं, मग आम्हीपण येतो" सुरू व्हायचं, आणि आठवड्याभरात कुकर कोणी आणायचा यावर बोलणं यायचं. मला तसं जायचं नव्हतं. स्टॉकहोमला मला माझ्या मावशीसाठी जायचं होतं.

माझी आई मी फार लहान असताना गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून मला मावशीने वाढवलं. तिने लग्न केलं नव्हतं. खडकीला दोन खोल्यांत ती राहायची आणि मुंबई-पुणे रस्त्यावरच्या एका स्वीडिश कंपनीत स्टेनो होती. दर डिसेंबरात कंपनीचं मोठं गुळगुळीत कॅलेंडर घरी यायचं. वर्ष संपलं की त्याची पानं माझ्या वह्या-पुस्तकांना कव्हर म्हणून लागायची; माझं गणिताचं पुस्तक बर्फात असायचं आणि इतिहासाचं पाइनच्या जंगलात. एका वर्षीचं जूनचं पान मात्र तिने कापलं नाही. ते तिने स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवलं. स्टॉकहोमचं बंदर होतं ते. डावीकडे चर्चचा उंच टोकदार मनोरा, समोर एक पांढरी बोट, आणि मागे एकाला एक खेटून उभी घरं. फोडणीच्या धुराने त्या घरांचा रंग वर्षागणिक आणखी पिवळा होत गेला.

कंपनीचे साहेब लोक कामासाठी तिकडे जाऊन येत. त्यांची तिकिटं, हॉटेलचे टेलेक्स, कोणाला शाकाहारी लागतं, कोणाला पाण्याच्या बाजूची खोली हवी, हे सगळं मावशी करायची. उभी नोकरी तिने दुसऱ्यांच्या स्टॉकहोमच्या तयारीत घालवली. एका साहेबाने एकदा लाकडाचा छोटा लाल घोडा आणून दिला, तो शोकेसमध्ये तिच्या चांदीच्या निरांजनाशेजारी होता. तिला कधी कुणी पाठवलं नाही, आणि पाठवा असं तीही कधी म्हणाली नाही. मी जर्मनीत आल्यावर फोनवर म्हणाली, "आता तुला जवळ पडेल. एकदा जाऊन ये आणि ते चित्र खरं आहे का मला सांग." मी म्हटलं, दोघी जाऊ. ती म्हणाली, "मला कशाला? माझे गुडघे बघ. तू जा."

जानेवारीत मावशी गेली. झोपेतच गेली. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत पडलेला होता. मला जाता येणार नव्हतं. मामेभावाने सगळं केलं, आणि महिन्याभरात खोल्या रिकाम्या करून मालकाला चाव्याही दिल्या. भिंतीवरचं चित्र रद्दीत गेलं. घोड्याचं काय झालं ते त्याला आठवत नव्हतं.

ज्या दिवशी ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे साहेब, त्यांची बायको आणि ऑफिसमधले आणखी काही जण आमच्याकडे जेवायला यायचे होते. मी म्हटलं, त्यांना नको म्हणून सांग. त्याने आईला कळवलं आणि थोड्या वेळाने ठाण्याहून सासूबाईंचा फोन आला. "वाईट झालं हो," त्या म्हणाल्या. "पण अगं, तुला सुतक नाही हं. लग्न झालेल्या मुलीला मावशीचं कसलं आलंय सुतक? आंघोळ करून टाक. पाहुणे बोलावलेत ना, ते होऊ दे नीट. त्याच्या साहेबाचा प्रश्न आहे." नवरा म्हणाला, "आईचं बरोबर आहे. इथे लोक महिनाभर आधी टेर्मिन, ठरलेली वेळ, देतात. असं ऐन वेळी नाही सांगता येत."

मग मी आंघोळ केली आणि पुरण शिजायला टाकलं. मी पुरण वाटलं, कणीक तिंबली, नऊवारी नको म्हणून साधी रेशमी साडी नेसले. साहेबांच्या बायकोने पोळीचा तुकडा काट्याला लावून विचारलं, आज काही सण आहे का? मी काही बोलायच्या आत नवरा हसून म्हणाला, "या, गेनाऊ," म्हणजे हो, अगदी बरोबर. साहेबांनी तीन पोळ्या खाल्ल्या. सगळे गेल्यावर नवऱ्याने माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाला, मस्त झालं सगळं. मला त्याचा इतका संताप आला की मी भांडी घासत राहिले. मी रडले नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं की आता उशीर झाला. ज्या माणसाचं सुतक नाही, त्याच्यासाठी घरात रडत बसायचं तर कुठल्या खोलीत बसायचं आणि कोणी विचारलं तर काय सांगायचं, हे मला कळत नव्हतं.

पासपोर्ट परत मिळाला आणि मी स्टॉकहोम काढलं. नवऱ्याला कारण सांगितलं. "बरं, बघू," तो म्हणाला. विमानाचं भाडं अगदीच कमी आहे हे दाखवलं तेव्हा कुठे तो तयार झाला. त्या काळात स्वस्त विमानांची लाटच आली होती. आमचं विमान सुटायचं ते नावाला फ्रँकफर्टच्या विमानतळावरून. तो होता डोंगरात, बसने जवळजवळ दोन तासांवर. उतरायचं तेही असंच, नावाला स्टॉकहोममध्ये, आणि तिथून पुन्हा बस. "दोन्हीकडून फसवणूक आणि मधे थोडंसं विमान," नवरा म्हणाला. त्या सबंध प्रकरणात त्याने केलेला हा एकच विनोद, आणि तो चांगला होता हे मला मान्य आहे.

मेच्या शेवटी फिंग्स्टनच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या एका ख्रिस्ती सणाच्या, सोमवारची सुट्टी येत होती. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, सोमवारी रात्री परत. मी तयारीला लागले ती मावशीसारखीच. गावच्या वाचनालयातून नकाशाचं पुस्तक आणलं. राहायला बंदरातच नांगरून ठेवलेलं एक जुनं जहाज सापडलं, त्यात स्वस्तात खोल्या देत. मी त्यांना मोडक्या इंग्रजीत नाही, चांगल्या इंग्रजीत ईमेल लिहिला की खोली पाण्याच्या बाजूची हवी. तसं उत्तरही आलं. ते उत्तर वाचताना मला मावशीच्या टाइपरायटरचा आवाज आठवला. चित्र तर हाताशी नव्हतं, म्हणून नकाशावर बोट ठेवून मी शोधत बसायची, की चर्चचा मनोरा डावीकडे यायचा तर आपण उभं कुठे राहायचं. शेवटी एक धक्का सापडला. तिथे उभं राहून समोर बघायचं आणि मनात सांगायचं, खरं आहे गं चित्र. एवढंच मला करायचं होतं. बाकी दोन दिवस नवऱ्याने म्हटलं असतं तर मी त्याच्याबरोबर मोटारींचं म्युझियमसुद्धा पाहिलं असतं.

ही बातमी आमच्या मराठी मंडळींत फुटू द्यायची नाही हे मी पक्कं केलं होतं. फक्त फ्रँकफर्टच्या एका मैत्रिणीला सांगितलं, कारण विमानात चालेल एवढी लहान बॅग तिच्याकडे होती. ती भली बाई. बॅग दिली, वर म्हणाली, "जा दोघंच. कुणाला बोलणार नाही मी." आणि खरंच बोलली नाही.

नवऱ्याचं एकच दुःख होतं. त्याच शनिवारी त्याच्या एका सहकाऱ्याच्या बागेत ग्रिलची पार्टी होती, आणि आमच्या जाण्यामुळे त्याला ती सोडावी लागणार होती. हे त्याने मला किती वेळा सांगितलं ते विचारू नका.

निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी पलंगावर बॅग उघडून बसले होते. मेतकूट, लसणाची चटणी, दोघांचे स्वेटर. फोन वाजला. सासूबाई होत्या. "अगं, चिपळूणचे चुलत चुलते गेले काल," त्या म्हणाल्या.

चिपळूणचे चुलत चुलते म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. हापूसच्या कलमांवरून त्यांनी सासऱ्यांना कोर्टात खेचलं होतं. आमच्या लग्नाला ते आले नव्हते, त्यांना पत्रिकाच गेली नव्हती. सासूबाई त्यांचा उल्लेख एरवी 'तो मेला' असा करायच्या. आता खरोखरच गेल्यावर त्या 'ते' म्हणत होत्या.

"दहा दिवस सुतक आहे आपल्याला," त्या म्हणाल्या. "त्याला सांग घरी आला की. देवाला हात लावू नका. गोडधोड नको, कुठे जाणं-येणं नको."

"अहो आई, पण त्यांच्याशी तर आपलं बोलणंही नव्हतं."

"बोलणं नव्हतं म्हणून रक्त तुटतं का? आणि तुम्ही कुठेसे जाणार होतात ना? ते राहू दे आता. सुतकात कुणी सहलीला जातं का?"

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. सुतक कळलं की लागतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणजे मला लागलं होतं आणि नवरा अजून कारखान्यात सुतकाशिवाय हिंडत होता. सांगितलंच नाही तर त्याला लागणार नव्हतं. सोमवारपर्यंत गप्प बसलं की झालं, हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ राहिला. पण सासूबाई पुन्हा फोन करणार हे मला माहीत होतं. शिवाय खरं सांगायचं तर मला वाटत होतं, तो हसेल. त्याचं जानवं लग्नानंतर वर्षभरात एका शर्टाबरोबर वॉशिंग मशीनमध्ये गेलं ते परत आलं नाही. चतुर्थी कधी आणि एकादशी कधी याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं. कँटीनमध्ये ताटात येईल ते तो खायचा. असा माणूस कुठल्या कलमांच्या भांडणातल्या चुलत्यासाठी घरी बसणार?

तो आला. मी सांगितलं. तो खुर्चीवर बसला आणि सावकाश बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"आल्झो, म्हणजे," तो म्हणाला, "मग नाही जाता येणार."

आवाज दुःखी होता, पण चेहरा सैलावला. मी त्या चेहऱ्याशी रोज जेवत होते, मला तो वाचता येत होता. दोन तास बस, पुन्हा दोन तास बस, जहाजातली अरुंद खोली, पाणी आणि घरं, हे सगळं एका फोनने टळलं होतं. चुलत्यांचं मरण त्याच्या अगदी पथ्यावर पडलं होतं.

"तू त्यांना कधी पाहिलंयस तरी का?" मी विचारलं.

"लहानपणी. आठवत नाही. पण तो प्रश्न नाही ना. आईला काय सांगू? सुतकात मजा मारायला गेलो?"

"मी मजा मारायला जात नव्हते."

"हे बघ, मला कळतं तुला वाईट वाटतंय."

"मावशीचं मला सुतक नव्हतं. मी तुझ्या साहेबाला पुरणपोळी वाढली."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "ते नियम काही मी केलेले नाहीत," तो म्हणाला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी जाऊ आपण. नक्की." ते पुढचं वर्ष अजून यायचं आहे.

शुक्रवारी संध्याकाळी विमान गेलं असणार. मी बॅग रिकामी केलीच नाही, तशीच पलंगाखाली ढकलली.

शनिवारी दुपारी तो दाढी करून, अर्धी चड्डी घालून बाहेर आला. हातात गाडीची किल्ली होती आणि दाराशी बिअरचं खोकं काढून ठेवलेलं होतं. "जरा जाऊन येतो त्या ग्रिलला," तो म्हणाला. "आता आपण इथेच आहोत आणि नाही गेलो तर बरं दिसत नाही. ऑफिसचे सगळे असणार."

"आणि सुतक?"

"जर्मनांना कुठे असतं सुतक?" तो म्हणाला. हे तो चिडून नाही, समजावून सांगितल्यासारखं म्हणाला. "तूपण चल ना. घरात बसून काय करणार?"

"मला सुतक आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करते आहे की भांडते आहे हे त्याला कळेना. मलाही तेव्हा ते नीट माहीत नव्हतं. तो खोकं उचलून गेला.

घर शांत झालं. देव्हाऱ्यातला दिवा लावायचा नव्हता. स्वयंपाकाला गोड काही करायचं नव्हतं. कुणी येणार नव्हतं आणि मला कुणाकडे जायचं नव्हतं. बाल्कनीतून खालच्यांच्या कोळशाचा वास यायला लागला तेव्हा मी दार लावलं आणि जमिनीवर बसले. जानेवारीत मला जी खोली सापडत नव्हती ती ही होती. घरात सुतक होतं, उघड, सासूबाईंनी फोन करून सांगितलेलं. ते मी चिपळूणच्या चुलत्यांसाठी पाळावं अशी अपेक्षा होती. मी ते उचलून मावशीला दिलं. त्यांना ते कुठे कळणार होतं? आणि कळलं असतं तरी ते कोर्टात जायला आता राहिले नव्हते.

मग मी रडले, भरपूर रडले. सासूबाईंचा राग आला, नवऱ्याचा आला, चित्र रद्दीत घालणाऱ्या मामेभावाचा आला. सगळ्यात जास्त राग मावशीचाच आला. एवढ्या लोकांची तिकिटं काढलीस, एवढ्यांना पाण्याच्या बाजूच्या खोल्या दिल्यास, एक तिकीट स्वतःसाठी मागितलं असतंस तर काय झालं असतं? गुडघे काय नोकरीच्या पहिल्या वर्षापासून दुखत होते का? हे मी मोठ्याने म्हटलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. बोलून झाल्यावर वाटलं की मीही काही वेगळं केलेलं नाही. मीही तयारीच केली.

संध्याकाळी नवरा आला तो धुराचा वास घेऊनच. माझे डोळे बघून म्हणाला, "अगं, एवढं काय? स्टॉकहोम काही पळून जात नाही." मी त्याला पिठलं-भात वाढला. त्याने नको म्हटलं, पोट भरलं होतं. मी एकटीने जेवले, जमिनीवर बसून. त्याने ते पाहिलं आणि धुराचे कपडे बदलायला गेला. रविवारी मी केसांना तेल लावलं नाही, त्याने तेही पाहिलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

सोमवारी रात्री, आम्ही परत येणार होतो त्या सुमाराला, फ्रँकफर्टच्या मैत्रिणीचा फोन आला. नवरा शेजारीच सोफ्यावर टीव्ही बघत होता.

"आलात का? कसं होतं स्टॉकहोम?" तिने विचारलं.

"गेलोच नाही. सुतक आहे."

"अगं बाई. कोण गेलं गं?"

"माझी मावशी," मी म्हटलं. "जिने मला वाढवलं ती."

नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"अरेरे. आणि मला बोलली नाहीस? कधी गेल्या?"

"जानेवारीत," मी म्हटलं. "सुतक आत्ता मिळालं."

नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला, थोडा वेळ थांबला, आणि पुन्हा वाढवला.